यादीतल्या तीन नावांच्या घरी

हा प्रवास तीन दिवसांचा आणि एकूण शहाण्णव किलोमीटरचा. त्यातले पाच किलोमीटर पायी झाले आणि त्या पाचातले तीन माझ्या चुकीमुळे. बावन्न वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाने पुण्यातल्याच तीन घरांचं प्रवासवर्णन लिहावं, याला काही जण हसतील. हसणाऱ्यांनी आधी सांगावं की आपल्या मंडळीतल्या किती घरांच्या उंबऱ्याच्या आत ते गेले आहेत. मंडळीत दोनशे चौदा कुटुंबं आहेत. मी सचिव असून माझा आकडा एकोणीस होता.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही ख्रिस्ती लोक एका चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला मंडळी म्हणतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायला सभासद पुढे जातात आणि जाताना आपल्या नंबराचं कार्ड ताटात टाकतात. ती कार्डं मी मोजतो आणि रजिस्टरमध्ये भरतो. गेल्या वर्षी मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीत एक ठराव मांडला: सलग तीन वर्षं, म्हणजे छत्तीस वेळा, ज्याचं कार्ड आलं नाही त्याचं नाव सभासदांच्या यादीतून काढावं. नाव गेलं की दफनभूमीतल्या मंडळीच्या जागेवरचा हक्कही जातो. तिथे जागा थोडी आणि माणसं जास्त, म्हणून ठराव आवश्यक होता. तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नाही.

यादीत सात नावं निघाली. दोन परदेशी गेलेली, एकाने दुसरी मंडळी धरलेली, एक वारलेले आणि आम्हाला कोणी कळवलेलं नाही. उरली तीन. ठराव मंजूर होण्याआधी आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "थोरातसाहेब, नाव काढायला माझी हरकत नाही. पण दार वाजवून काढा." पाळक चौतीस वर्षांचे आहेत. ते वाद घालत नाहीत, काम देतात.

घरी बायकोला सांगितलं. सुषमा म्हणाली, "अहो, लोक घरभेटीला प्रार्थना करायला जातात. तुम्ही नाव कापायला जाताय. डब्यात काय देऊ?"

मी शेंगदाण्याचे लाडू सांगितले. प्रत्येक घरी दहा.

पहिला शनिवार, बुधवार पेठ

पहिलं नाव अनिल कसबे, वय एकोणतीस, मूळचा जालन्याकडचा. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतल्या एका दुकानात तो अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. फोनवर म्हणाला, "सकाळी साडेआठला या सर, दुकान उघडायच्या आधी."

मी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी पोहोचलो. दगडूशेठच्या रांगेला वळसा घालून गल्लीत शिरलो, तर सगळी शटर्स खाली. एकच अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. वायरींच्या भेंडोळ्यांमध्ये सतरंजी टाकून सहा जण बसले होते. अनिल धरून चार जण आमच्यातले, याच किंवा आसपासच्या दुकानांत कामाला असलेले. पाचवा माल वाहणारा हमाल. सहावे दुकानाचे मालक, कपाळाला गंध. दर शनिवारी हे सगळे अर्धा तास प्रार्थनेला बसतात. एक जण शास्त्रातला भाग वाचतो, एक जण प्रार्थना करतो, मग पोहे. मालक प्रार्थना करत नाहीत. डोळे मिटून बसतात.

आमच्या चर्चमध्ये बाकं, पंखे, माइक आणि छापील कार्यक्रमपत्रिका असते. इथे जमिनीवर मांडी घालताना माझा गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला. हमालाने आपली गोणपाटाची घडी निमूटपणे माझ्याकडे सरकवली. एवढं अगत्य मला आमच्या दाराशी स्वागताला उभ्या राहणाऱ्या समितीत दिसलेलं नाही. त्या समितीचा अध्यक्ष मीच आहे.

पोह्यांवर खोबरं होतं. मालकांनी एका डब्यातून काढून माझ्या बशीत घातलं आणि म्हणाले, "निर्धास्त खा, प्रसादाचं नाही. देवापुढचा नारळ त्या स्टीलच्या डब्यात, हा प्लास्टिकचा डबा बाजारातल्या नारळाचा. अनिल आल्यापासून दोन डबे आहेत."

"तुम्हाला त्रास नाही होत दोन डबे ठेवायचा?" मी विचारलं.

"डब्याचा कसला त्रास. चांगला कारागीर मिळत नाही, त्याचा त्रास असतो."

अनिल रविवारी दुकानातर्फे सभागृहांत साउंड लावायला जातो, म्हणून चर्चला येत नाही. मी त्याला ठराव समजावून सांगितला. शून्य कार्डं म्हणजे काय होणार, तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, मी एकोणतीसचा आहे. कबरीचं एवढ्यात काही नाही," तो म्हणाला. "पण नाव राहू द्या. गावी आईला सांगितलंय पुण्यात माझी मंडळी आहे म्हणून. दसऱ्यानंतर एक रविवार सोडून एक सुट्टी घेतो, शेठ आत्ताच हो म्हणतायत."

शेठ पोहे खात म्हणाले, "मी अजून काही म्हटलेलं नाही." मग थोडं थांबून, "घे."

एक नाव सुटलं. आता कार्ड येणार, म्हणजे नियमाप्रमाणेच सुटलं, म्हणून मी खुशीत घरी आलो.

गुरुवार, खडकी

दुसरं नाव योहान साळवे, वय अठ्ठ्याहत्तर. हे नाव यादीत लिहिताना माझाही हात क्षणभर थांबला होता, कारण साळवे दर रविवारी चर्चला येतात. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली की उठून जातात. म्हणजे माणूस मला दिसत होता, फक्त रजिस्टरमध्ये नव्हता. नियम कार्डाचा होता, म्हणून मी नाव लिहिलं. त्यांची पत्नी मार्थाबाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. मंडळीच्या जागेत त्यांना पुरलं आहे आणि शेजारची जागा साळवेंसाठी राखलेली आहे. नाव गेलं तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

खडकी मला आवडते. लष्कराचा भाग असल्याने झाडं रांगेत आणि भिंतींना पांढरा चुना. बाजारातल्या बेकरीतून अर्धा किलो खारी घेतली आणि स्टेशनमागच्या गल्लीत त्यांचं दार वाजवलं.

"सलाम, साळवेसाहेब."

"सलाम. सचिव? माझ्या दारात? कोण गेलं?"

"कोणी नाही. घरभेटीला आलोय."

"असं. घरभेटीचा रकाना निघाला वाटतं रजिस्टरमध्ये." त्यांनी मला आत घेतलं आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत म्हणाले, "काडेपेटी नाही ना?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. गेटवर रोज खिसे तपासायचे. काडेपेटी सापडली की घरी बसा. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी आल्यागेल्याचा खिसा बघायची सवय सुटलेली नाही. घरात आजही काडेपेटी नाही. शेगडी लायटरने पेटते आणि मार्थाबाईंच्या फोटोसमोर मेणबत्तीऐवजी छोटा दिवा आहे, बटणाचा.

चहा त्यांनी स्वतः केला. मी ठराव काढला, वाचून दाखवला आणि विचारलं, "तुम्ही दर रविवारी येता, मग पुढे का येत नाही?"

"खरंच विचारताय?"

"हो."

"तुमच्यामुळे."

ते पुढचं अगदी साध्या आवाजात बोलले. मार्थाबाईंच्या अंत्यविधीची उपासना दुपारी दीडला होती आणि त्याच दिवशी साडेतीनला एक लग्न. मार्थाबाईंनी आजारपणात आपलं एक गाणं लिहून ठेवलं होतं, की हे पूर्ण म्हणा. पाच कडव्यांचं. तिसरं कडवं संपलं तेव्हा मी बाजापेटीवाल्याजवळ जाऊन त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्याने भाता बंद केला. लोक उठले.

"शास्त्र काय सांगतं?" साळवे म्हणाले. "भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर आधी जाऊन मिटव, मग वेदीपाशी ये. माझ्या मनात होतं. तुम्ही पहिल्या बाकावर बसलेले असता. तुम्हाला पाहून मला तो घड्याळाचा हात दिसतो. म्हणून उठून जातो."

"पण मला सांगायचं होतंत."

"तेच. तुम्ही यायचं की मी, यावर बराच विचार केला. ज्याला माहीतच नाही तो कसा येणार? म्हणजे मीच यायला हवं होतं. जमलं नाही."

आता मी काय केलं ते लिहितो, कारण लिहायलाच हवं. मी वेळापत्रक सांगितलं. उपासनेला सत्तर मिनिटं दिली होती, प्रवचन बारा मिनिटं लांबलं, दफनभूमीपर्यंत पंचवीस मिनिटं, लग्नाच्या सजावटीला अर्धा तास. सगळं मला तोंडपाठ होतं. त्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं होतं की एकाच दिवशी दोन कार्यक्रम वेळेवर पार पडले.

"बरोबर आहे तुमचं गणित," साळवे म्हणाले. "खारी घ्या."

मी खारी घेतली. उठताना तिसऱ्या घराचा पत्ता विचारला, कारण तिसरं नाव राहेल पंडित त्यांच्या मेहुणीचं, मार्थाबाईंच्या थोरल्या बहिणीचं होतं. खडकवासल्याच्या पलीकडे, धरणाकाठच्या एका वाडीत त्या राहतात.

"एकटे नका जाऊ. तुम्ही विमावाले वाटता, ती दार उघडणार नाही. शनिवारी मीही येतो."

परतताना बसमध्ये मी एकच आकडा मनात धरून होतो. छत्तीस प्रभुभोजनं, माझी छत्तीस कार्डं. एकही रविवार मी चुकवला नव्हता. शास्त्राप्रमाणे पाहिलं तर त्या दोन बाकांपैकी प्रभुभोजनापासून थांबायचं कोणी होतं आणि थांबलं कोण?

दुसरा शनिवार, खडकवासला

राहेलमावशींना चालता येत नाही, म्हणून पाळक मोटरसायकलवर प्रभुभोजनाची पिशवी घेऊन परस्पर येणार होते. मी आणि साळवे स्वारगेटहून बसने. बसथांबे मी आदल्या दिवशी मोबाइलवर पाहून वहीत लिहून घेतले होते आणि बोटावर मोजत होतो. पण दोन थांब्यांवर कोणीच नव्हतं, म्हणून बस थांबलीच नाही. माझी मोजणी मागे राहिली आणि आम्ही वाडीच्या फाट्याच्या बरंच पुढे उतरलो.

कंडक्टर दारातून म्हणाला, "काका, थांबे मोजायचे नसतात. बाहेर बघायचं असतं."

 शंभर पावलं गेल्यावर साळवे म्हणाले, "पुण्याचा कंडक्टर. फुकट देतो ते एवढंच."

तीन किलोमीटर मागे चालायचं होतं. एका बाजूला धरणाचं पाणी. आपण नळ सोडतो ते हे, असं सगळे म्हणतात, पण ते एवढं निळं आणि एवढं गप्प असतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पलीकडच्या तीरावर लष्करी प्रबोधिनीची हद्द. रस्त्याकडेला एका बाईकडे गरम कांदाभजी घेतली आणि कट्ट्यावर बसून खाल्ली. साळवेंनी मिरची मला दिली. त्यांना पथ्य आहे.

शेवटचा अर्धा किलोमीटर चढ होता. साळवेंची गती कमी झाली. मी त्यांच्या शेजारी राहिलो आणि गुरुवारी जे बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, "साळवेसाहेब, वेळापत्रक बरोबर होतं, पण मी चुकलो. दोन कडव्यांना पाच मिनिटं लागली असती. लग्नाला पाच मिनिटं उशीर झाला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मार्थाबाईंचं गाणं मी तोडलं. मला क्षमा करा."

ते चालत राहिले. एकदा थांबले, धरणाकडे पाहिलं, पुन्हा चालू लागले. उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही. माझं मत असं आहे की क्षमा मागितल्यावर गप्प बसावं. पावती मागू नये.

राहेलमावशींचं घर म्हणजे एका शेतकऱ्याच्या घराला लागून दोन खोल्या. मावशी ब्याऐंशीच्या. या भागात त्यांनी एकतीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काम केलं आणि अडलेल्या बाळंतपणांना मध्यरात्रीही गेल्या. निवृत्त झाल्यावर या लोकांनी त्यांना जाऊच दिलं नाही. शेतकऱ्याची सून पाणी घेऊन आली. मी तिला विचारलं, यांचं सगळं तुम्हीच करता का?

"मग कोन करणार? बाई आमच्याच हायत," ती म्हणाली. "माझे दोन्ही पोरं ह्यांच्या हातावर झालीत. नवरा बी."

मावशी खाटेवरून म्हणाल्या, "त्याने जन्मताना फार छळलं हो तिच्या सासूला. तेव्हापासून आळशी आहे." सून हसत आत गेली.

पाळक अर्धा तास आधीच येऊन पिठलं-भाकरी जेवून बसले होते. मी लाडूंचा डबा दिला आणि मग, जेवढं हळुवारपणे सांगता येईल तेवढं, ठराव सांगितला. कार्ड आलं नाही, नाव जाईल, नाव गेलं तर कबरीची जागा जाईल.

मावशींनी विचारलं, "हे दोन्ही एकत्र कोणी बांधलं?"

"मी."

"सोडा मग. कबर मला नको. ही माणसं मला इथेच आंब्याखाली ठेवणार आहेत, जागा दाखवून झाली. तुमची तिथली जागा ज्याला हवी त्याला द्या. पण नाव ठेवा. माझा बाप्तिस्मा त्या मंडळीत झाला. मी तिथली आहे. न येणारी आहे, पण तिथलीच आहे."

वीस वर्षं मालाच्या कोठारात काम केल्याने मला एक सवय लागली आहे: एका चिठ्ठीवर एकच वस्तू लिहायची. मी स्वतःच इथे दोन वस्तू एका चिठ्ठीवर लिहिल्या होत्या. जागा कमी आहे हा प्रश्न खरा, तो जागेपुरता सोडवता येतो. माणूस आपला आहे की नाही हे जागेवरून ठरत नाही आणि कार्डावरून तर नाहीच. शेठच्या दुकानातली सतरंजी, शेवटचा बाक आणि ही खाट, तिन्ही मंडळीतच होती. मोजायला मी एकाच दारात उभा होतो. ठराव मागे घ्यायचं मी तिथेच ठरवलं आणि पुढच्या सभेत तो मागे घेतलाही. पाळकांनी "बरं" एवढंच म्हटलं.

मग त्यांनी मावशींच्या लोखंडी पेटीवर पांढरं कापड अंथरलं, ताटली आणि लहान पेला काढला. प्रार्थना झाली. सून दाराशी पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. पाळकांनी मावशींना भाकरीचा तुकडा दिला, पेला त्यांच्या ओठांना लावला. मग माझ्याकडे वळले.

"मला आज नको," मी म्हणालो.

पाळक थांबले. मावशींनी मान उचलली. "का हो?"

"साळवेसाहेबांशी माझं मिटलेलं नाही. माझ्याकडून चूक झाली होती. ते मिटेपर्यंत मी घेणार नाही."

 साळवे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"मिटलंय," ते म्हणाले. "मघाशीच. चढावर."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"दम लागला होता."

मावशी खाटेवर हसू लागल्या आणि त्यांना खोकला आला. सुनेने पाणी दिलं. पाळक ताटली घेऊन साळवेंसमोर गेले आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. साळवेंनी तो क्षणभर पाहिला, मग हात लांबवून माझ्या हातात दिला, आणि स्वतःसाठी पुन्हा ओंजळ पुढे केली.